श्रीलंका: ऑगस्टमध्ये ३८ जणांची ऑफसाइट आणि पुढे घरच्यांसोबत चार दिवस, जंगलाला त्रास न देता कसं जमवावं?

निशिगंध_पुणे

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका कंपनीत अ‍ॅडमिन आणि ट्रॅव्हल दोन्ही माझ्याकडे आहे. यंदा ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात ३८ जणांची ऑफसाइट श्रीलंकेत ठरतेय, ३ रात्री, त्यात एक पूर्ण दिवस मीटिंग. ते संपलं की मी तिथंच थांबणार आणि आई (६८, गुडघे दुखतात) आणि लेक (९ वर्षांची, प्राण्यांचं प्रचंड वेड) मुंबईहून येणार, पुढचे चार दिवस आमचे तिघींचे.

एजंट लोकांकडून पाच कोटेशन आलीत आणि पाचहींवर मोठ्या अक्षरात 'इको टूर' लिहिलंय. आत बघितलं तर एकात हत्तीवर बसून फेरी, एकात कासवाचं पिल्लू हातात घेऊन फोटो, आणि एकात जंगलाला लागून असलेल्या लॉनवर रात्री डीजे. मला हे बघून वाईट वाटलं. आपण ३८ माणसं घेऊन कुणाच्या तरी घरात जातोय, जनावरांच्या आणि गावकऱ्यांच्याही, तर निदान त्रास होऊ नये आणि पैसा गावात जावा एवढं तरी करता यावं. कुणी जाऊन आलंय का? खरंखुरं काय आणि नुसतं नावाला काय, ओळखायचं कसं?

दर्यावर्दी_कोलंबो

ताई, चौदा वर्षं कोलंबोत आहे म्हणून सविस्तर लिहितो. आधी ऋतू समजून घ्या, निम्म्या चुका तिथंच होतात. आपल्याकडे पावसाळा एकच, इथं दोन. नैर्ऋत्येचा साधारण मे ते सप्टेंबर, तो दक्षिण-पश्चिम किनारा आणि डोंगराची पश्चिमेकडची बाजू भिजवतो. ईशान्येचा डिसेंबर ते फेब्रुवारी, तो उत्तर-पूर्वेला. त्यामुळे ऑगस्टमध्ये मिरिस्साला देवमासे दाखवतो असं कोणी लिहिलं असेल तर ते कोटेशन सरळ बाजूला ठेवा, तिथला सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, ऑगस्टात त्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो. उन्हाळी महिन्यांत देवमासे पूर्वेला त्रिंकोमालीकडे दिसतात, पण ऑगस्टअखेर म्हणजे सीझन उतरायला लागलेला, दिसतीलच असं धरून चालू नका.

ऑगस्टचं खरं वैभव मिन्नेरिया. तलाव तिसऱ्या शतकातला, महासेन राजानं बांधलेला (इथं तलावाला 'वेव' म्हणतात). कोरड्या दिवसांत पाणी मागं हटतं, उघड्या पडलेल्या गाळात कोवळं गवत येतं आणि आसपासच्या रानातले हत्ती कळपाकळपानं तिथं उतरतात, चांगल्या वर्षी दोनशे-तीनशे एका वेळी. यालाच 'गॅदरिंग' म्हणतात. पण एक गोष्ट एजंट सांगणार नाही, अलीकडच्या काही वर्षांत मोरागहकंद धरणाचं पाणी मिन्नेरियात येतं, नेमकं हंगामात ते गवत पाण्याखाली जातं आणि मग हत्ती शेजारच्या कौडुल्लाकडे नाहीतर हुरुलूकडे सरकतात. म्हणून 'मिन्नेरिया सफारी' असं तीन महिने आधी पक्कं करू नका. 'हबरणा परिसरातली सफारी' असं लिहून घ्या आणि त्या दिवशी दुपारी तिथल्या माणसाला विचारून तीनपैकी एक ठरवा. हत्ती कुठं आहेत ते गावातल्या पोराला माहीत असतं, कोलंबोतल्या ऑफिसला नाही.

मुक्काम दांबुल्ला-हबरणा भागातच ठेवा, तिन्ही रात्री एकाच ठिकाणी. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला आहे त्यामुळे तिथून थेट बसनं चारेक तासांत पोचता, शहरात शिरायची गरजच नाही. ३८ लोकांना मीटिंग हॉल हवा म्हणजे मोठं हॉटेल लागणार, त्यात कंदलमाचा विचार करा. जेफ्री बावा या वास्तुविशारदांनी बांधलेलं, १९९४ मध्ये सुरू झालं. बांधायला घेतलं तेव्हा पर्यावरणवाल्यांनी आणि भिक्खूंनी जोरदार विरोध केला होता, तलावाचं आणि रानाचं वाटोळं होईल म्हणून. आज ती इमारत कड्याला टेकून उभी आहे, वेलींनी इतकी झाकलेली की तलावाच्या पलीकडून पटकन ओळखू येत नाही, आणि लीड (पर्यावरणपूरक इमारतींचं) प्रमाणपत्र मिळवणाऱ्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या हॉटेलांत तिचं नाव आहे. स्वस्त नाही, पण 'इको' शब्दाला तिथं काही अर्थ आहे.

हो, आणि कँडीच्या पेराहेराच्या (तिथली मोठी धार्मिक मिरवणूक) तारखा बघून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये येतो, तेव्हा कँडीत खोली मिळत नाही आणि रस्ते बंद असतात.

सह्यवेडा

वरच्या प्रतिसादाला +१. माझ्याकडून फक्त एक कळकळीची विनंती, 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानात ग्रुप नेऊ नका. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, ब्लॉक १ ला. बिबट्यांची घनता तिथं जगात सगळ्यात जास्तींपैकी आहे हे खरंच, पण त्यामुळेच सगळे तिथं येतात. आमच्या ड्रायव्हरचा फोन वाजला, कुठंतरी बिबट्या दिसला म्हणून, आणि गाडी अशी सुटली की पुढच्या सीटवरच्या काकूंचं डोकं लोखंडी दांड्याला आपटलं. पोचलो तेव्हा तीसेक जीप एकमेकींना चिकटून उभ्या, सगळ्यांची इंजिनं चालू, धुरळा, डिझेलचा वास. बिबट्या झाडावर होता आणि त्याला उतरायला वाटच नव्हती. शेपूट हलत होती त्याची नुसती. आम्ही परत फिरा म्हणालो तर ड्रायव्हर नाराज झाला, त्याला वाटलं टिप जाणार. त्यालाही दोष देत नाही, गिऱ्हाईक बिबट्या नाही दिसला तर पैसे कापतं हेच त्यानं आजवर बघितलंय.

म्हणून आता कुठंही गेलो तरी बसल्या बसल्या सांगतो, दादा काही नाही दिसलं तरी टिप ठरलेली मिळणार, फक्त हळू चालव आणि थांबलास की इंजिन बंद कर. फरक पडतो, खरंच पडतो. पुढच्या वेळी विल्पत्तूला गेलो, तिकडचं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान, आत 'विल्लू' म्हणून नैसर्गिक तळी आहेत, दोन तास दुसरी गाडीच दिसली नाही. अस्वल दिसलं. बिबट्या नाही दिसला आणि अजिबात रुखरुख नाही.

मिलिंद_ठाणे

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. ३८ माणसांनी विमानानं परदेशात जायचं आणि त्याला पर्यावरणपूरक म्हणायचं हे मला पटत नाही. जाता-येता विमानाचा जो धूर होतो तो तिथं जाऊन स्टीलच्या बाटल्या वापरून भरून निघत नाही. ताडोबा आहे, कोकण आहे, आंबोली आहे, रेल्वेनं जा. ऑफसाइटला देश ओलांडायची गरज काय?

रानमेवा

मिलिंददादा, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, विमानाचा हिशोब कुणालाच टाळता येणार नाही. पण मी रत्नागिरीकडे होमस्टे चालवते म्हणून दुसरी बाजू सांगते. आमच्याकडे शनिवार-रविवार मुंबईहून चाळीस जणांची बस येते, स्पीकर घेऊन, आणि सोमवारी मी ओढ्यातून प्लास्टिकच्या प्लेटा वेचते. जवळ आहे म्हणून हलकं पाऊल पडतं असं नाही. आणि वेळासला बघा, सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी गावाला बरोबर घेऊन कासवं वाचवली, आधी अंडी चोरीला जायची त्याच गावात आता घराघरांत पाहुणे राहतात आणि पिल्लं समुद्रात जाताना दोरीच्या मागं उभं राहून बघतात. पैसा घरात आला म्हणून कासव गावाचं झालं.

लंकेतही तेच आहे. २०१९ चे स्फोट, मग कोविड, मग २०२२ ला पेट्रोलच्या रांगा, या तीन फटक्यांत तिथल्या होमस्टेवाल्यांचं कंबरडं मोडलं. ज्या गावाला रान राखून पोट भरता येतं ते गाव रान तोडत नाही. जायचंच ठरलंय तर नीट जावं असं मी म्हणेन.

आणि निशिगंधताई, तुम्हाला तिथं परकं वाटणारच नाही. आपला पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच हॉटस्पॉट धरतात. आपल्या भेरली माडाला तिकडे कितुल म्हणतात, त्याच्या पोयीची नीरा आटवून काकवी आणि गूळ करतात, म्हशीच्या दुधाच्या मडक्यातल्या दह्यावर ती काकवी घालून खातात. आमच्याकडे भेरली माड आहे पण त्याचा गूळ करणारं माझ्या पाहण्यात कुणी नाही. नीरफणस आहे, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी आहे ('पोलोस' म्हणतात), आमसुलाऐवजी गोरका, तेही आपल्या रातांब्याच्याच कुळातलं. कुणी कितुल उतरवताना दिसला तर थांबून बघा आणि त्याच्याकडूनच गूळ विकत घ्या.

पाणकावळा

पक्षीवाला असल्यामुळे सिंहराजाच्या पर्जन्यवनाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण त्याआधी सत्तरच्या दशकात याच जंगलात प्लायवूडसाठी यंत्रं लावून तोड चालू होती, लोकांनी आरडाओरडा केला आणि १९७७ ला ती थांबली. आज आपण कुडवा गावाच्या बाजूनं ज्या वाटांवरून चालतो त्यातल्या काही त्या तोडीच्याच वाटा आहेत. हे कळल्यावर तिथं चालताना वेगळंच वाटतं.

आत गाइड सक्तीचा आहे, आणि ते चांगलंच आहे कारण बरेचसे आसपासच्या गावांतलेच असतात. बघायचं ते पक्ष्यांचं मिश्र टोळकं. रान अर्धा तास गप्प असतं, मग केशरी चोचीच्या सातभाईंची किलबिल येते, त्यांच्याबरोबर तुरेवाला कोतवाल, आणि दोन मिनिटांत डोक्यावर दहा-बारा जातींचे पक्षी, कोणी पानं उलटतंय, कोणी साल खरवडतंय, आणि पाच मिनिटांत सगळं पुढं निघून पुन्हा शांत. निळा मॅगपाय दिसला तर नशीब. जळवा भरपूर, लीच सॉक्स घ्या.

पण ३८ लोक इथं नेऊ नका. सहाच्या वर माणसं झाली की टोळकं दिसतच नाही, ऐकूही येत नाही. घरच्यांबरोबर म्हणाल तर आईंच्या गुडघ्यांना ओली वाट त्रासाची होईल. त्यापेक्षा परतीच्या दिवशी कोलंबो पाणथळ बघा, खरंच सांगतो. कोलंबोला २०१८ मध्ये रामसरचा (पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार) 'पाणथळ शहर' हा दर्जा मिळालाय, जगातल्या पहिल्या १८ शहरांत. बेद्दगान किंवा दियसरू या पाणथळ उद्यानांत सकाळी साडेसहाला जा, लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे, जांभळ्या पाणकोंबड्या पायाशी, आणि 'कबरगोया' म्हणजे पाण्यातली घोरपड, चांगली माणसाएवढी लांब, वाटेत आडवी पडलेली असते. शहरात मीटिंगला येणाऱ्यांसाठी याच्यासारखं काही नाही, नऊला परत हॉटेलात. विमानतळाजवळ मुतुराजवेला आहे, तिथं बोटीनं खारफुटीत फिरता येतं.

गौरी_डोंबिवली

कासवांचं मी सांगते, मन दुखावलं होतं माझं. दक्षिण किनाऱ्यावर रस्त्याला लागून 'हॅचरी' आहेत, त्यातल्या एकीत आम्ही मुलांना नेलं. सिमेंटच्या टाक्या, त्यात दिवसांमागून दिवस ठेवलेली पिल्लं, आणि पैसे दिले की हातात देतात. नंतर कळलं की पिल्लू अंड्यातून निघालं की पहिले काही तास त्याच्यात वेड्यासारखं पोहायचं बळ असतं, त्याच बळावर ते किनाऱ्यापासून लांब जातं, आणि टाकीत ठेवलं की ते बळ तिथंच संपतं. माझ्या मुलानं विचारलं मग आपण पैसे का दिले, उत्तर नव्हतं.

तंगल्लेजवळ रेकव्याला मात्र घरटी किनाऱ्यावरच राखतात, रात्री लाल उजेडात लांबून बघायचं, फोन बंद. आम्ही साडेदहापर्यंत वाळूत बसून होतो आणि मग एक मादी आली, खड्डा करताना तिच्या मागच्या पायांनी उडणारी वाळू माझ्या चपलेवर पडत होती. कधी कधी काहीच येत नाही, तेही मुलांना आधी सांगून ठेवा.

शाकाहारींसाठी: पोल सांबोल म्हणजे ओल्या नारळाची तिखट चटणी, दिसायला निरागस पण त्यात सुक्या मासळीचा चुरा (उंबलकड) घालतात. 'उंबलकड एपा' म्हणजे नको, एवढं पाठ करा. परिप्पू म्हणजे वरणच, तिकडचे आप्पे (हॉपर्स) आपल्या आंबोळीसारखे पण वाटीच्या आकाराचे, आणि गोटुकोळाची कोशिंबीर, ती म्हणजे मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे बरेच जण ब्राह्मी म्हणतात.

अनुजा_एचआर

मी दोन मोठे ग्रुप नेलेत (एक लंकेत, एक केरळात) म्हणून कॉर्पोरेट बाजू सांगते. मोठा ग्रुप जंगलात मावत नाही, तो फोडावा लागतो. ३८ म्हणजे सात जीप. सातही एकाच हत्तीणीकडे गेल्या तर तुम्हीच गर्दी आहात. अर्धे एका दिवशी, अर्धे दुसऱ्या दिवशी, आणि उरलेल्यांना त्या वेळी दुसरं काहीतरी, गावात जेवण, तलावाच्या बांधावरून चालणं, सायकल. सुरुवातीला बॉस म्हणेल की टीम एकत्र हवी. त्यांना सांगा एकत्र जेवायला आहेच, सहा जणांच्या गाडीत माणसं जे बोलतात ते हॉलमध्ये बोलत नाहीत.

हॉटेलांना मेल कराल तेव्हा सर्टिफिकेट मागण्यापेक्षा साधे प्रश्न विचारा. आसपासच्या गावातले किती जण कामाला आहेत, सांडपाणी कुठं जातं, पाणी बोअरचं की तलावाचं, पिण्याचं पाणी काचेच्या बाटलीत देता का. जे खरं करतात ते दोन ओळींत ठोस उत्तर देतात. जे करत नाहीत ते तुम्हाला ब्रोशर पाठवतात.

पैशांचं आधीच बघा. गावातल्या बाईनं ३८ जणांना जेवू घातलं तर तिच्याकडे तुमच्या फायनान्सला चालेल असं बिल नसतं. स्थानिक टूर कंपनीला मध्ये घ्या, ती एकत्र इन्व्हॉइस देते, पण ताटामागं बाईला किती जाणार ते लेखी घ्या. आणि टीशर्ट, फ्लेक्स, गुडी बॅग छापू नका, ते पैसे त्या जेवणात घाला.

संत्रानगरी

नागपूरहून. काहीतरी काम करायचं असेल ग्रुपला, तर वस्गमुवा भागात वन्यजीव संरक्षण संस्थेचा (एसएलडब्ल्यूसीएस) एक प्रकल्प आहे, हत्ती लिंबूवर्गीय झाडांना तोंड लावत नाहीत म्हणून शेतकऱ्यांच्या घराभोवती संत्र्याची झाडं लावतात. हत्ती घरातल्या धान्यापासून लांब राहतो आणि शेतकऱ्याला फळाचे पैसे मिळतात. आमच्याकडे रोही आणि रानडुकरं रात्रीत वावर साफ करतात, रात्र रात्र जागून राखण करणारा माणूस काय सोसतो ते मी घरात बघितलंय. लंकेत हत्ती-माणूस झगड्यात दरवर्षी दोन्हीकडचे शेकड्यांनी जीव जातात. हत्ती बघायला जाल तेव्हा ज्याच्या भातात तो हत्ती शिरतो त्याच्याशीही अर्धा तास बोला. दांबुल्लाहून लांब नाही.

निशिगंध_पुणे

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. अनुजाताई, तुमचे प्रश्न जसेच्या तसे सहा हॉटेलांना पाठवले, दोघांचीच सरळ उत्तरं आली, त्यातलं एक घेतलं. मिलिंदजी, तुमचा मुद्दा मी मीटिंगमध्ये मांडला, पुढच्या वर्षीची ऑफसाइट रेल्वेनं जाता येईल अशा ठिकाणी असं ठरलंय. हत्तीसवारी रद्द. एक प्रश्न, लेकीला हत्तीची पिल्लं बघायचीत, पिन्नवलाचं हत्तींचं अनाथालय कसं आहे?

दर्यावर्दी_कोलंबो

पिन्नवला १९७५ चं, सुरुवात चांगल्या हेतूनं झाली पण तिथं साखळ्या आहेत, गर्दी आहे, आणि तिथले हत्ती रानात परत जात नाहीत. त्याऐवजी उडवलवेचं ट्रान्झिट होम, १९९५ पासून आहे. आई गमावलेली पिल्लं, दर तीन तासांनी दूध, आपण लांबच्या कट्ट्यावर बसून बघायचं, हात लावायचा नाही. मोठी झाली की रानात सोडतात, शंभराहून जास्त सोडलीत आतापर्यंत. आईंना पायऱ्यांचा फार त्रास नाही. पण तुमच्या मुक्कामापासून दक्षिणेला बराच लांबचा पल्ला आहे, चार दिवसांत दोन रात्री तिकडे देणार असाल तरच.

निशिगंध_पुणे

आलो परत. आधी जे चुकलं ते सांगते. पहिल्या दिवशी आमच्या एका जीपवाल्यानं पिल्लू असलेल्या हत्तिणीच्या फार जवळ गाडी घातली, तिनं कान पसरून दोन पावलं पुढं टाकली आणि आतले सगळे गार पडले. संध्याकाळी सगळ्या चालकांबरोबर चहा घेतला आणि सह्यवेडा यांनी लिहिलंय तसंच सांगितलं, टिप ठरलेली आहे, लांब थांबा. दुसऱ्या दिवशीची बॅच एकदम शांत गेली. गावातल्या जेवणाचं बिल टूर कंपनीनं दिलं तरी फायनान्सनं आठवडाभर अडवलं, शेवटी सुटलं. जेवण मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं, कमळाच्या पानावर लाल भात आणि पोलोस, आमच्या कोल्हापूरच्या सरांनी तीनदा घेतली भाजी.

घरच्यांबरोबर कौडुल्लाला गेलो कारण मिन्नेरियात खरंच पाणी वर होतं. उडवलवे या वेळी सोडलं. साडेपाचची वेळ, तलावाच्या काठाला आम्ही आणि आणखी दोन गाड्या, इंजिनं बंद. आई जीपमध्येच बसली होती, पाय पुढच्या सीटवर ठेवून. तीसेक हत्ती असतील. सगळ्यात जवळची हत्तीण पुढच्या पायाच्या नखांनी गवत सैल करायची, सोंडेनं जुडी उपटायची आणि तोंडात घालायच्या आधी ती जुडी स्वतःच्या गुडघ्यावर चार-पाचदा आपटायची, माती झडेपर्यंत. तो आवाज येत होता, फट् फट् असा, आणि गवत तुटल्याचा. बाकी काही नाही. आई हळूच म्हणाली, मेथी निवडून झटकावी तसं करतेय गं. लेक पाऊण तास एक शब्द बोलली नाही, मग गाडी वळल्यावर विचारलं, तिच्या बाळाला कोण शिकवतं असं झटकायला?

शेवटच्या सकाळी बेद्दगान. घोरपड होती वाटेत, सांगितल्याप्रमाणे. आम्ही थांबलो, ती उठली नाही, आम्हीच मागं फिरून दुसऱ्या वाटेनं गेलो.

पाणकावळा, फेब्रुवारीत मी आणि दोन मैत्रिणी सिंहराजाला जायचं म्हणतोय, तिघीच. कुडवाची बाजू बरी की देनियाया? आणि लीच सॉक्स इथून न्यावे की तिथं मिळतात?

पाणकावळा

कुडवा. तिथंच घ्या, गेटजवळच्या गावात विकतात. मुक्काम दोन रात्रींचा करा, एका सकाळीत टोळकं भेटेलच असं नाही. आणि तुमच्या लेकीला सांगा, हत्तींत हे शिकवायला आई एकटी नसते, मावश्या आणि आजीपण असतात कळपात.